प्रत्येक मेथड सिंक्रोनाइज्ड केल्याने लायब्ररी थ्रेड-सेफ होते का?

सेटिंग्ज साठवणाऱ्या आपल्या जावा लायब्ररीतील प्रत्येक पब्लिक मेथड सिंक्रोनाइज्ड केली (म्हणजे ऑब्जेक्टचा लॉक, अर्थात कुलूप, हाती असलेला एकच थ्रेड, म्हणजे प्रोग्राममधला एकच समांतर प्रवाह, ती एका वेळी चालवू शकेल अशी केली), तर क्लास थ्रेड-सेफ, म्हणजे अनेक थ्रेडनी एकाच वेळी वापरला तरी बिनचूक चालणारा, म्हणता येईल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते नाही, आणि याचा दाखला जावाच्या स्वतःच्या लायब्ररीतच सापडतो.

१९९६ मधल्या पहिल्या आवृत्तीतील व्हेक्टर (यादी) आणि हॅशटेबल (किल्लीनुसार नोंदी ठेवणारा तक्ता) यांची रचना जवळपास अशीच होती. त्यामुळे ऑब्जेक्टची आतली रचना बिघडत नसे, हे खरे. परंतु वापरणाऱ्याला बहुधा दोन-तीन मेथड मिळून होणारे काम हवे असते. नोंद आहे का ते आधी पाहायचे आणि नसेल तर घालायची, असे ठरवले, तर पहिली मेथड संपून दुसरी सुरू होईपर्यंत लॉक सुटलेला असतो आणि तेवढ्यात दुसरा थ्रेड तीच नोंद घालून मोकळा होतो. लॉकचा भार मात्र एकाच थ्रेडवर चालणाऱ्या प्रोग्रामलाही सोसावा लागतो. १९९८ मध्ये त्यांचे पर्याय म्हणून अ‍ॅरेलिस्ट आणि हॅशमॅप लॉकशिवाय आले, ते उगीच नव्हे. त्यांना बाहेरून लॉक चढवणारी जी सिंक्रोनाइज्ड आवरणे सोबत दिली, त्यांच्या डॉक्युमेंटेशनमध्येही, इटरेट करताना (एकामागून एक नोंदी पाहताना) लॉक वापरणाऱ्यानेच धरावा, असे बजावलेले आहे.

खरी सुधारणा २००४ मधल्या, अनेक थ्रेडसाठीच बनवलेल्या कॉनकरंटहॅशमॅपने केली, कारण त्याने ‘नसेल तरच घाला’ हे संपूर्ण कामच पुटइफअ‍ॅब्सेंट या एका अविभाज्य मेथडमध्ये दिले. त्यात नल (‘काहीच नाही’ दर्शवणारी) व्हॅल्यू चालत नाही, याबद्दल अनेकजण कुरकुर करतात; पण नल हाती आल्यावर नोंदच नाही की नोंदीतच नल आहे, हे दुसऱ्या मेथडने तपासेपर्यंत मॅप बदललेला असू शकतो, हे लक्षात घेतले की ती अट रास्त वाटते.

म्हणून आपण आधी वापरणाऱ्याची कामे कोणती ते ठरवावे आणि त्यांना एकेक मेथड द्यावी. सेटिंग्जचा संच वारंवार बदलत नसेल, तर तो इम्युटेबल (तयार झाल्यावर न बदलणारा) ठेवून बदलाच्या वेळी नवा संच व्होलटाइल रेफरन्समध्ये (ज्यातला बदल इतर थ्रेडना लगेच दिसतो अशा) ठेवणे सर्वांत सोपे. मात्र जुन्या संचावरून नवा तयार करणारे थ्रेड अनेक असतील, तर तेवढ्या कामाला लॉक किंवा कंपेअर-अँड-सेट (मधल्या काळात जुना संच बदलला नसेल तरच नवा ठेवणारी अविभाज्य क्रिया) लागेलच. लॉक घेतलाच, तर तो बाहेरच्या कोडला न दिसणाऱ्या प्रायव्हेट ऑब्जेक्टवर घ्यावा, आणि बदल कळवण्यासाठी वापरणाऱ्याने नोंदवलेल्या मेथड, म्हणजे लिसनर, लॉक सोडल्यानंतरच बोलवाव्यात. परक्या कोडने आतून दुसरा लॉक मागितला, तर डेडलॉकची (थ्रेड एकमेकांच्या लॉकची वाट पाहत कायमचे अडकण्याची) वाट आपणच मोकळी केलेली असते.