दिसत नसताना एकट्याने किराणा कसा आणता? आणि दुकानात अंध व्यक्ती दिसली तर मदत करावी का?

तुम्ही लिहिलंय की सुपरमार्केटमध्ये एक अंध बाई एकट्याच फिरताना दिसल्या, मदत करावी की नाही ते कळेना, म्हणून तुम्ही बाजूला झालात. त्या बाईंच्या जागी मी अनेकदा असते, तेव्हा सांगते.

मला उजेडसुद्धा दिसत नाही. तरी दुकानात शिरल्यावर निम्मा नकाशा नाक-कान काढून देतात. साबणांची रांग वासावरून लांबूनच कळते, फ्रीजची घरघर ऐकू येते, जवळ गेलं की गारवा लागतो. काठी पुढे, ट्रॉली मागे ओढायची. पुढे ढकलली तर ती आधी कुणाच्या तरी टाचेवर जाते. दुकानदाराने एके दिवशी सगळी मांडणी बदलली की मात्र माझं पाठांतर पाण्यात.

भाजी-फळं मी डोळस माणसापेक्षा चांगली निवडते, हे फुशारकीने सांगते. कांद्याचं देठ दाबून बघायचं, मऊ लागलं की ठेवून द्यायचा. लिंबू हातात जड लागलं पाहिजे. गोची होते ती बंद मालाशी. पत्र्याचे डबे हाताला सगळे सारखेच, त्यामुळे टोमॅटोऐवजी कुत्र्याचं खाणं घरी यायला वेळ लागत नाही.

तिथे फोन कामाला येतो. सीइंग एआय नावाचं ॲप २०१७ पासून आहे. बारकोड कॅमेऱ्याच्या जवळ येईल तशी त्याची टिकटिक वाढते आणि मग ते वस्तूचं नाव सांगतं. पण बारकोडच्या तेरा आकड्यांत वस्तू कोणती एवढंच असतं, ती कधी खराब होणार ते नसतं. तारीख छापलेली असते पाकिटाच्या चुरगळलेल्या कडेवर, फिकट ठिपक्यांत. ती वाचायला मी बी माय आइज या ॲपवरून एखाद्या अनोळखी स्वयंसेवकाला व्हिडिओ कॉल करते. हान्स यॉर्गन विबर्ग या डॅनिश माणसाने, ज्याला स्वतःलाही कमी दिसतं, २०१५ मध्ये ते सुरू केलं. आता तिथे एआयसुद्धा फोटो बघून वर्णन करतं, पण तारखेसाठी मी अजून माणसालाच विचारते. बारकोडच्या जागी जे चौकोनी कोड येऊ लागलेत त्यांत तारीखही भरता येते. सगळ्यांनी ती भरली तर माझे निम्मे कॉल वाचतील.

हे सगळं करत बसले तर दहा वस्तूंना तास जातो. म्हणून मोठी खरेदी असली की दुकानातल्या माणसाची मदत घेते. त्याचं कोपर धरायचं आणि अर्धं पाऊल मागून चालायचं. तो विचारतो, ‘कुठलं देऊ?’ मी म्हणते, ‘कुठकुठलं आहे?’ इथे बहुतेक जण गडबडतात. ‘हे घ्या, चांगलं असतं’ म्हणून पाकीट ट्रॉलीत पडतंसुद्धा. खरं सांगायचं तर मला वस्तू सापडत नाही याचं फारसं दुःख नाही, निवडता येत नाही याचं आहे. तुम्ही मीठ आणायला जाता आणि आठ वस्तू घेऊन येता. मी मीठ आणायला जाते आणि मीठच आणते. (घरखर्चाला हे बरंच, असं नवऱ्याचं मत.) फळीवर नवीन काय आलंय हे कुणी सांगितल्याशिवाय मला कळतच नाही. म्हणून अधूनमधून मैत्रिणीला घेऊन जाते आणि घ्यायचं काही नसलं तरी तिच्याकडून एक अख्खी रांग वाचून घेते.

ऑनलाइन मागवते तेव्हा यादी निवांत ऐकता येते, तो मोठा फायदा. फक्त बटणांना नावं दिलेली हवीत. नाहीतर स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर नुसता ‘बटण, बटण, बटण’ म्हणत राहतो.

पैसे देताना काय होतं, हे कुणी विचारत नाही. जुन्या कार्ड मशीनवर पाचच्या आकड्यावर उंचवटा असतो, त्यावरून बाकीचे आकडे सापडतात. गुळगुळीत टचस्क्रीन आली आणि एकदा मला पिन मोठ्याने सांगावा लागला. मागची रांग गप्प राहून ऐकत होती. घरी जाऊन आधी पिन बदलला. आता फोन टेकवून पैसे देते.

घरी आल्यावर मिठाच्या डब्याला एक रबरबँड, साखरेच्या डब्याला दोन.

आता तुमचा दुसरा प्रश्न. बाजूला होऊ नका, विचारा. ‘नको’ म्हटलं तर राग मानू नका. एखादे वेळी मी मनात रांगा मोजत असते. दंड धरून ओढू नका. ‘ते काय, तिकडे’ याचा मला काही उपयोग नाही; ‘तुमच्या उजव्या हाताला, कमरेच्या उंचीवर’ म्हणालात तर मी हात नेमका तिथेच नेते. आणि ट्रॉली वाटेत आहे म्हणून सरकवलीत, तर सरकवल्याचं सांगा. मी ती मागे चाचपडत असते.