मोनोट्रोपाला काय म्हणावं: मृतोपजीवी, परोपजीवी की आणखी काही?

नागपूरच्या एका वाचक ताईंचा प्रश्न आहे. हिमालयात फिरताना त्यांच्या मुलीने मोनोट्रोपा या बिनपानांच्या पांढऱ्या रोपाचा फोटो काढला आणि तो शाळेच्या प्रकल्पात लावायचा आहे. घरातल्या जुन्या पुस्तकात अशा वनस्पतींना 'मृतोपजीवी' म्हटलंय, शेजारचे काका 'परोपजीवी' म्हणतात आणि आजोबांच्या मते ते सरळ 'बांडगूळ'. 'कवकपोषी' (कवक म्हणजे बुरशी) असंही कुठेतरी वाचलं, ते चालेल का?

बांडगूळ आधी बाजूला ठेवू. आंब्यावरच्या बांडगुळाला हिरवी पानं असतात. ते झाडाकडून पाणी आणि क्षार ओढतं, पण अन्न बरंचसं स्वतः तयार करतं. आपल्याकडे ज्वारीच्या मुळांवर येणारा टारफुलाही हिरवाच. मोनोट्रोपात मात्र हरितद्रव्यच नाही. वीतभर देठ, पानांच्या जागी नुसते खवले आणि टोकाला खाली वाकलेलं एक फूल.

'मृतोपजीवी' हा शब्द एका जुन्या समजातून आला. रोप पाचोळ्यात उगवतं, हिरवं नाही, कुणाच्या मुळाला चिकटलेलंही दिसत नाही. तेव्हा ते कुजलेल्या पाल्यावर जगत असणार. पण पाचोळा कुजवून त्यातलं अन्न घेणं हे बुरशीचं आणि जिवाणूंचं काम आहे. फुलझाडांना ते जमत नाही. मोनोट्रोपाच्या मुळांभोवती बुरशीचं आवरण असतं, तेव्हा अन्नही तिच्यामार्फतच येत असलं पाहिजे, हे पोलिश वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रान्सिशेक कामियेन्स्की यांनी 1881 सालीच मांडलं होतं. पुढे 1960 साली स्वीडनच्या एरिक ब्यर्कमान यांनी आसपासच्या झाडांत किरणोत्सारी कार्बन असलेली साखर टोचली, तर तो कार्बन पुढे मोनोट्रोपात सापडला. म्हणजे झाडाने उन्हात बनवलेली साखर बुरशीच्या तंतूंतून या रोपापर्यंत पोहोचते. संत्र्याच्या बागेत मायकोरायझा, म्हणजे मुळांशी जोडून राहणारी बुरशी, वापरणाऱ्यांना यातला पहिला भाग ठाऊक असेल: बुरशी मुळांना स्फुरद आणि पाणी मिळवून देते, झाड तिला साखर देतं. मोनोट्रोपा बुरशीकडून सगळंच घेतो आणि परत काही देत असल्याचं दिसत नाही.

त्यामुळे काकांचा 'परोपजीवी' चुकीचा नाही, फक्त फार ढोबळ आहे. त्यात अमरवेलही येते, आणि ती थेट झाडालाच शोषते.

आता 'कवकपोषी'. मला हा शब्द खटकतो. 'स्वयंपोषी' म्हणजे स्वतःला पोसणारा. त्याच चालीने 'कवकपोषी' म्हणजे कवकाला पोसणारा, नेमका उलट अर्थ. 'परपोषी' रूढ आहे, पण तिथेही ही अडचण आहेच. संस्कृतात हा भेद किती नेटका आहे पाहा: कावळा 'परभृत्', दुसऱ्याचं पिल्लू पोसणारा, कोकिळ 'परभृत', दुसऱ्याने पोसलेला. एका हलन्ताने पोसणारा आणि पोसला जाणारा वेगळे होतात! या हिशेबाने 'कवकपुष्ट' बरोबर ठरेल, पण मराठीत 'पुष्ट' म्हटलं की धष्टपुष्टच आठवतं आणि या किडकिडीत रोपाला ते शोभत नाही.

माझं मत 'कवकोपजीवी'ला. कवक अधिक उपजीवी, संधी सरळ, आणि परोपजीवी-मृतोपजीवींच्या कुळात तो सहज बसतो. 'बुरशी' म्हटलं की मुलांना शिळ्या पोळीवरची बुरशी आठवते; 'कवक' या शब्दात तीही येते आणि पावसाळ्यात आपण आवडीने खातो त्या सात्याही (रानातली अळिंबी). शिवाय हा शब्द एका अवस्थेलाही लावता येतो. ऑर्किडचं बी इतकं बारीक असतं की त्यात साठवलेलं अन्न जवळपास नसतंच, म्हणून निसर्गात ते बुरशीच्या मदतीशिवाय वाढत नाही. पुढे हिरवी होणारी ऑर्किडंही अशी बालपणी कवकोपजीवीच. काही बिनपानांची ऑर्किडं मात्र जन्मभर तशीच राहतात. त्यांतल्या काहींना पोसणारी बुरशी कुजत्या लाकडावर जगते; तिथे 'मृतोपजीवी' म्हणायचं ते बुरशीला, ऑर्किडला नाही.

तेव्हा ताई, फोटोखाली एवढं लिहा: 'मोनोट्रोपा, हरितद्रव्य नसलेली कवकोपजीवी वनस्पती, झाडांच्या मुळांशी जोडलेल्या बुरशीकडून अन्न घेते.'