प्रदूषण मंडळाच्या वकिलाला रोज हरित न्यायाधिकरणात उभं राहावं लागतं का?

तुम्ही एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहात आणि विचारताय की सरकारी बाजूने पर्यावरणाचे खटले चालवणारा वकील दिवसभर करतो काय. मी नाशिकला प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पॅनलवर आहे, त्यामुळे इथलंच सांगतो.

नाही, रोज उभं राहावं लागत नाही. हरित न्यायाधिकरण म्हणजे पर्यावरणाच्या वादांसाठीचं खास न्यायपीठ; त्याचं खंडपीठ पुण्याला, उच्च न्यायालय मुंबईला. तारीख असली की जायचं, किंवा व्हिडिओवर हजर व्हायचं. एरवी समोर असतात सातपूर, अंबड, सिन्नरच्या औद्योगिक वसाहतींच्या फायली: संमतीपत्रं (कारखाना चालवायला मंडळाने दिलेली परवानगी), पाहणी अहवाल, नोटिसा आणि परिच्छेदवार उत्तर मागणारी शपथपत्रं. शपथपत्रं तर डोकं उठवतात.

फौजदारी खटल्यात सगळी मारामारी होते ती एका बाटलीवरून. १९७४ च्या जल कायद्याचं कलम २१ आत्ताच पाठ करून ठेवा. क्षेत्र अधिकाऱ्याने सांडपाण्याचा नमुना घेतला की तिथल्या तिथे कारखानदाराला नोटीस द्यायची, त्याच्यादेखत नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्ही सीलबंद करून दोघांनी सह्या करायच्या. एक भाग मंडळाच्या प्रयोगशाळेत जातो. कारखानदाराने मागणी केली तर दुसरा राज्य प्रयोगशाळेत. दोन अहवाल जुळले नाहीत तर राज्य प्रयोगशाळेचा ग्राह्य धरतात. मालक मुद्दाम गायब झाला तर त्याचीही सोय कायद्यात आहे, पण तसं विश्लेषकाला लेखी कळवावं लागतं.

आता उलटतपासणीत काय होतं बघा. आरोपीचे वकील प्रदूषणाबद्दल चकार शब्द काढत नाहीत. ते विचारतात: नोटीस घेणारा वॉचमन होता की मॅनेजर? सील कुठलं? बाटली प्रयोगशाळेत कधी पोचली? नाल्यातलं पाणी डोळ्यांना हिरवं दिसत होतं, हे तिथे कामाला येत नाही. म्हणून अधिकारी पाहणीला निघण्याआधी त्यांच्याशी बसून कोरे फॉर्म आणि नोटिशीचा मजकूर तपासणं हे मी युक्तिवादापेक्षा महत्त्वाचं काम मानतो. त्याचे वेगळे पैसे मिळत नाहीत, ते असो.

दुसरा मोठा भाग म्हणजे जल कायद्याच्याच कलम ३३अ खालची कारखाना बंद करण्याची कारवाई. वीज आणि पाणी तोडायचे आदेश निघतात. मात्र आधी हरकतींसाठी किमान पंधरा दिवस द्यायचे, आणि तातडीमुळे ते दिले नाहीत तर कारण लेखी नोंदवायचं. हे राहिलं की मालक थेट मुंबई गाठतो आणि त्याचा पहिलाच मुद्दा असतो, आम्हाला ऐकूनच घेतलं नाही. त्यामुळे सुनावणीला कोण हजर होतं, काय म्हणालं, हे मी त्याच दिवशी टाइप करून घेतो.

पण नाशिकचं खरं दुखणं कारखान्यांपेक्षा सांडपाणी आहे. गोदावरीच्या प्रदूषणावरची जनहित याचिका २०१२ पासून उच्च न्यायालयात गाजली, नीरी या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेच्या शिफारशी आल्या. तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक इथे मलजल शुद्धीकरण केंद्रं आहेत, तरी नासर्डी नदीच्या काठाने एकदा चालत जा, म्हणजे कळेल. इथे समोरचा पक्ष महापालिका असते, म्हणजे सरकारच सरकारला नोटीस काढतं. कारखाना बंद करता येतो, शहराची गटारं कशी बंद करणार? मग वेळापत्रक, बँक हमी, मुदतवाढ, पुन्हा शपथपत्र. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे, त्यामुळे गोदेशी संबंधित प्रत्येक कागद सध्या 'अर्जंट' शेरा घेऊनच येतो.

कायदाही बदलतोय. जनविश्वास कायद्यामुळे १ एप्रिल २०२४ पासून हवा कायदा आणि पर्यावरण संरक्षण कायदा यांतल्या बहुतेक उल्लंघनांची कैद जाऊन दहा हजार ते पंधरा लाखांपर्यंतचा दंड आला, आणि तो न्यायालय नव्हे, तर सरकारने नेमलेला न्यायनिर्णय अधिकारी लावतो. दंडाधिकाऱ्यांपुढे वर्षानुवर्षं रेंगाळणाऱ्या खटल्यांपेक्षा हे बरं, असं सहकारी म्हणतात. मला तितकंसं पटत नाही. कैदेची भीती होती तेव्हा मालक स्वतः यायचा; दंड असला की अकाउंटंट येतो. मात्र ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक चांगली गोष्ट स्पष्ट केली: जल आणि हवा कायद्याखाली मंडळं स्वतःही पर्यावरणाच्या नुकसानीची भरपाई आकारू शकतात, त्यासाठी आधी नियम आणि कार्यपद्धती ठरवून. या निकालावर पुढे बरंच काम निघणार आहे.

पैशांचं विचाराल तर फी माफक, बिल उशिरा निघतं, आणि सोबत स्वतःची दिवाणी प्रॅक्टिस ठेवावी लागते. त्यातून यायचंच असेल तर मूट कोर्टच्या (कॉलेजातल्या सराव खटल्यांच्या) ढाली बाजूला ठेवून थोडं रसायनशास्त्र वाचा. नदीत सोडायच्या पाण्याची सर्वसाधारण मर्यादा बीओडीला (पाण्यातली घाण कुजवताना जीवाणू वापरतात तो प्राणवायू) लिटरमागे ३० मिलिग्रॅम आणि सीओडीला (तीच घाण रसायनाने नष्ट करायला लागणारा प्राणवायू) २५०. बीओडीची चाचणी २७ अंशांवर तीन दिवस चालते, म्हणून तो अहवाल दुसऱ्या दिवशीच्या तारखेला देणं शक्यच नसतं. हे भर कोर्टात, चिठ्ठी न बघता, मराठीत सांगता आलं पाहिजे.