सॅम कुक चर्चमधल्या गाण्याकडून सोल संगीताकडे कसा वळला?

हे वळण त्याला सोपं गेलं नाही. सोल म्हणजे चर्चमधल्या गायकीतून घडलेलं कृष्णवर्णीय अमेरिकनांचं लोकप्रिय संगीत. या कृष्णवर्णीय अमेरिकन गायकाचा जन्म 1931 मध्ये मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलचा, बालपण शिकागोत. वडील धर्मोपदेशक, त्यामुळे भावंडांसोबत लहानपणापासूनच चर्चमध्ये गाणं. 1950 मध्ये तो 'सोल स्टिरर्स' या नामांकित गॉस्पेल (चर्चमधली भक्तिगीतं) गटाचा मुख्य गायक झाला, तेही आर. एच. हॅरिससारख्या दिग्गजाच्या जागी! तरुण पोरं त्याला ऐकायला चर्चमध्ये गर्दी करू लागली.

पण देवाची गाणी गाणाऱ्याने प्रेमगीतं गाणं श्रोत्यांना मान्य नव्हतं. म्हणून धार्मिक नसलेली पहिली रेकॉर्ड त्याने 'डेल कुक' या नावाने काढली. आवाज लपला नाही, लोकांनी लगेच ओळखलं. 1957 मध्ये 'यू सेंड मी' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्यात शब्द अगदी मोजके आहेत. सगळी जादू एकेक स्वर लडिवाळपणे लांबवण्यात आहे, आणि ती थेट गॉस्पेलमधून आलेली.

मला त्याचा व्यवहारही तितकाच मोठा वाटतो. कृष्णवर्णीय गायकांची सर्रास लूट होत असताना त्याने स्वतःची रेकॉर्ड कंपनी आणि गीतांच्या हक्कांसाठी प्रकाशनसंस्था उभी केली.

1963 मध्ये लुइझियानातल्या श्रीवपोर्टला एका मोटेलने वर्णामुळे खोली नाकारली, वर अटकही झाली. 'अ चेंज इज गॉना कम' या गाण्यामागे हा अनुभव आहे. डिसेंबर 1964 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये गोळी लागून तो गेला, वय अवघं 33. ऐकायला सुरुवात मात्र सोल स्टिरर्सच्या रेकॉर्डपासूनच करा.