गर्भपातानंतर थेट आयव्हीएफच करायचं का?

"दिवस राहिले होते, पण टिकले नाहीत. आता वेळ न घालवता थेट आयव्हीएफच करून टाकू का?" वंध्यत्वावर उपचार घेणाऱ्या जोडप्यांचं समुपदेशन करताना हा प्रश्न मला सतत ऐकायला मिळतो. (आयव्हीएफ म्हणजे टेस्ट ट्यूब बेबी: गर्भ शरीराबाहेर तयार करून गर्भाशयात सोडतात.) त्याचं उत्तर एका जोडप्याच्या निमित्ताने सांगते. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वैशाली 33 वर्षांची, निफाड तालुक्यातल्या एका शाळेत शिक्षिका. अमोल 36चा, घरची द्राक्षबाग बघतो. अमोलचे शुक्राणू थोडे कमी, म्हणून डॉक्टरांनी आययूआय, म्हणजे शुक्राणू नळीने थेट गर्भाशयात सोडणं, सुरू केलं होतं. दुसऱ्या वेळी दिवस राहिले. सातव्या आठवड्यात ठोके दिसले आणि नवव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीत ते थांबलेले होते. पिशवी साफ करावी लागली. दोघं माझ्याकडे आले तेव्हा या गोष्टीला महिनाही झाला नव्हता, आणि अमोल आयव्हीएफच्या पॅकेजचा कागद सोबत घेऊनच आला होता.

बोलत होता तोच. खर्च किती, माल गेल्यावर हातात किती येतील, चुलतभावाला आयव्हीएफनेच कशी जुळी झाली. वैशाली मांडीवरच्या प्लॅस्टिकच्या फाइलचं बटण उघडत होती, लावत होती. तुम्हाला काय वाटतं, असं मी तिला विचारलं तर म्हणाली, "यांना वाटेल ते करू. माझ्यामुळेच गेलं ना ते."

मग एकेक बाहेर यायला लागलं. ती शाळेत स्कूटीवर जायची. सासूबाईंनी दोनदा टोकलं होतं. शेजारी गेली असताना पिकल्या पपईच्या दोन फोडी खाल्ल्या होत्या. हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

अशा वेळी मी आधी हेच बोलते, उपचारांचं नंतर. सुरुवातीच्या आठवड्यांत होणाऱ्या गर्भपातांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये गर्भाच्या गुणसूत्रांतच गडबड असते. ती बहुतेक वेळा योगायोगाने, गर्भ तयार होतानाच झालेली असते. स्कूटी, पपई, जिना, घरातली वादावादी यांचा त्याच्याशी संबंध नसतो. दिवस गेल्याचं कळलेल्या साधारण दहा बायकांपैकी एक-दोघींच्या वाट्याला हे येतं. बोलत कुणी नाही, म्हणून प्रत्येकीला वाटतं की आपल्याच बाबतीत झालं. वैशालीने रजेच्या अर्जात टायफॉइड लिहिलं होतं आणि आठवडाभरात ती पुन्हा फळ्यासमोर उभी होती. गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा कायद्यातच दिलेली आहे, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मला याचा फार राग येतो. डिस्चार्जच्या कागदासोबत ही माहिती द्यायला कितीसा वेळ लागतो?

आता आयव्हीएफचं. त्याने दिवस राहण्याची शक्यता वाढते. राहिलेला गर्भ टिकेलच याची हमी मिळत नाही. गर्भ टिकणं बरंचसं अंड्याच्या वयावर अवलंबून असतं आणि उपचार बदलला म्हणून अंड्याचं वय बदलत नाही. वैशालीला आययूआयने दिवस राहिले होते, म्हणजे तो मार्ग तिच्यासाठी बंद झालेला नव्हता. तिच्या डॉक्टरांचंही तेच म्हणणं होतं: एकदा पाळी नियमित येऊ दे, थायरॉइड आणि साखर तपासू, मग आणखी दोन-तीन वेळा आययूआय करून बघायला हरकत नाही. गुणसूत्रांच्या आणि रक्त गोठण्याच्या मोठ्या तपासण्या सहसा दुसऱ्या गर्भपातानंतर करतात. वैशाली चाळिशीला आलेली असती, तर मीच त्यांना सांगितलं असतं की आयव्हीएफचा विचार लांबवू नका. पण इथली घाई वयाची नव्हतीच.

मग कसली होती? मी दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं आणि पुढच्या उपचारात सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते, ते लिहायला सांगितलं. वैशालीने लिहिलं, "इंजेक्शनांची नाही. पुन्हा सोनोग्राफीच्या टेबलावर झोपायची." अमोलने लिहिलं, "रात्री ती रडते ते ऐकवत नाही. काहीतरी सुरू केलं की थांबेल." कागद अदलाबदल करून वाचल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग अमोल म्हणाला, "मला वाटलं, तुला लवकर हवंय." ती म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला."

त्यानंतर बोलणं सोपं झालं. काय करायचं याइतकंच कुठे थांबायचं हेही आधी ठरवा, असा माझा आग्रह असतो. उपचारांच्या मध्यावर, कर्ज काढून झाल्यावर ते ठरवता येत नाही. यांनी ठरवलं: आणखी तीन आययूआय, मग गरज पडली तर एकदा आयव्हीएफ, तेही बाग गहाण न ठेवता. पुन्हा दिवस राहिले तर पहिल्या सोनोग्राफीला अमोल आत, तिच्या शेजारी. दत्तकाचा विषय मी काढला तेव्हा अमोल चटकन म्हणाला, "आई ऐकणार नाही." वैशालीने मात्र 'कारा'ची, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची, वेबसाइट आधीच पाहून ठेवली होती. तिथे नोंदणीसाठी मूल होत नसल्याचा दाखला लागत नाही, पण प्रतीक्षा काही वर्षांची असते. त्यामुळे सगळे उपचार हरल्यावरच तिकडे बघायचं, असं मी कुणालाच सुचवत नाही. त्यावर त्यांचं एकमत झालेलं नाही. लगेच व्हायलाही नको.

वैशालीची दुसरी पाळी येऊन गेली आहे. पुढच्या महिन्यात सुरुवात करायची की आणखी थांबायचं, हे ती ठरवणार आहे. अमोलने ते मनापासून मान्य केलंय. आईंशी बोलायचं काम त्याने स्वतःकडे घेतलं. त्यांना काही विचारायचं असेल तर इकडे घेऊन या, असं मी म्हटलं होतं. पुढच्या आठवड्यात त्या येणार आहेत.