राष्ट्रीय अभिलेखागाराचे महासंचालक नेमकं काय करतात?

तुम्ही विचारलंय, जुने सरकारी कागद सांभाळायला दिल्लीत एवढा मोठा अधिकारी कशाला, चांगला गोदामपाल पुरे नाही का? केंद्र सरकारच्या एका कार्यालयात मी बरीच वर्षं अभिलेख अधिकारी होते. महासंचालकांचं काम कागद गोदामात पोचण्याच्या खूप आधी सुरू होतं.

1993 च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने प्रत्येक खात्याला अभिलेख अधिकारी नेमावा लागतो. कुठली फाइल किती वर्षं ठेवायची, याची यादी अभिलेखागाराच्या सल्ल्याने ठरते. 25 वर्षांपेक्षा जुनी फाइल तपासणी झाल्याशिवाय नष्ट करता येत नाही. 1892 च्या आधीचा कागद तर, तो कामातून गेलाय असं महासंचालकांचं मत पडलं तरच. नियम मोडून कागद नष्ट केला तर 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

एवढा कडकपणा का, ते मला एका फाइलीने शिकवलं. गठ्ठे सोडताना भूसंपादनाची एक फाइल हाती आली. उजवीकडचा पत्रव्यवहार शाबूत, शेवटी मंजुरीचा आदेश. डावीकडच्या टिपणीची, म्हणजे निर्णयाआधी अधिकाऱ्यांनी आपापली मतं लिहिलेली हिरवी पानं मात्र फाडलेली. टॅगला हिरव्या कागदाचा बोटभर तुकडा तेवढा अडकून राहिलेला. निर्णय काय झाला ते कळत होतं. हरकत कोणी घेतली होती, ती कोणी आणि का डावलली, हे कायमचं गेलं. ज्यांची जमीन गेली त्यांना तेच हवं असतं ना! तो तुकडा मी अजून विसरलेले नाही.

कसर, वाळवी, कागद खाणारी जुनी शाई यांच्याशी झुंजणारे कुशल लोक अभिलेखागारात आहेत. फाटका कागद टिश्यूने सांधता येतो. आलाच नाही तो कसा सांधणार? खातं फाइली धाडत नसेल तर महासंचालक पत्रं लिहीत राहतात, हाच माझा अनुभव. माझ्या मते कायद्याने त्यांना इथे जास्त बळ द्यायला हवं.

(1891 साली कलकत्त्यात सुरू झालेल्या या दफ्तराचे स्वातंत्र्याच्या वेळचे प्रमुख सुरेन्द्रनाथ सेन हे मराठ्यांच्या राज्यकारभाराचे अभ्यासक होते. मला याचं फार अप्रूप आहे.)

गोपनीय नसलेले, 30 वर्षांहून जुने कागद अभ्यासकांना पाहता येतात आणि बरेचसे ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावरही आहेत. एखादी फाइल उघडलीत तर आदेशाच्या आधी टिपणी वाचा.