बायोप्सीत कॅन्सर नाही आला, तरी पॉलिप काढायचाच का?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. बाबांच्या कोलोनोस्कोपीत (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) सिग्मॉइडमध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटाकडच्या वळणात, 25 मिमीचा पॉलिप (आतल्या अस्तरावरची गाठ) दिसला, बायोप्सीत 'ट्युब्युलर अडेनोमा, लो ग्रेड डिस्प्लेसिया' (पुढे कॅन्सर होऊ शकेल अशी गाठ, पण पेशींत बदल अजून सौम्य) आलं, कॅन्सर नाही, तरी डॉक्टर म्हणतायत आख्खा काढू, तर हे उगाच बिल वाढवणं आहे का. शंका येणं साहजिक आहे, पण इथे डॉक्टरांचं बरोबर आहे. मी स्वतः डॉक्टर नाही, पण वीसेक वर्षं हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये (जिथे काढलेले तुकडे मायक्रोस्कोपखाली तपासतात) टेक्निशियन होतो, असले तुकडे रोज हातातून जायचे.

आमच्याकडे ती बायोप्सी येते म्हणजे काय, तर फॉर्मॅलिनच्या बाटलीत तळाला बसलेले दोन-तीन मिमीचे कण, साबुदाणा मोठा वाटेल एवढे. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना, ती भात सगळा सारखा शिजला असेल तरच खरी, आणि मोठा पॉलिप सहसा सारखा शिजलेला नसतोच! एका बाजूला ट्युब्युलर (नळ्यांसारख्या ग्रंथी), दुसरीकडे व्हिलस (बोटांसारखी रचना, जास्त धोक्याची), आणि कुठेतरी खाली देठाजवळ हाय ग्रेड (पेशी जास्त बिघडलेल्या) किंवा कॅन्सरच, असं असू शकतं. चिमटा घेतो तो वरवरचा पापुद्रा, त्यामुळे खाली सबम्युकोसात (अस्तराखालच्या थरात) काय चाललंय ते त्या स्लाइडवर बहुतेक वेळा येतच नाही. एक केस अजून आठवते, बायोप्सीचे तुकडे अगदी साधे निघाले होते, नंतर आख्खा पॉलिप आला, तो आम्ही उभे काप करून सगळाच्या सगळा ब्लॉकमध्ये (स्लाइडसाठी काप घ्यायच्या मेणाच्या ठोकळ्यात) घातला, तर एकाच कापात कॅन्सर. बायोप्सी वाचणाऱ्याची चूक नव्हती, त्याच्या हातात तो भागच आला नव्हता.

म्हणून बायोप्सीत 'अडेनोमा' आलं तर 'निदान अडेनोमा तरी आहे' एवढंच समजायचं. उजव्या बाजूच्या चपट्या पॉलिपांमध्ये अजून एक गंमत, सेसाइल सेरेटेड लीजन (करवती ग्रंथींचा, पुढे कॅन्सर होऊ शकणारा पॉलिप) ओळखायला ग्रंथींचा तळ दिसावा लागतो, तुकडा उथळ असला की तेच 'हायपरप्लास्टिक' (सहसा निरुपद्रवी) म्हणून सुटू शकतं.

उलटंही होतं बरं का. लांब देठाचा पॉलिप, विशेषतः सिग्मॉइडमधला, पिळवटून पिळवटून त्याच्या ग्रंथी खाली सरकतात आणि कॅन्सर आत शिरल्यासारखं दिसतं, त्याला स्यूडोइन्व्हेजन म्हणतात. तेव्हा पुढे कधी कॅन्सर म्हणून आतडं कापायची वेळ आली तर आधी स्लाइड आणि ब्लॉक दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा, नुसता रिपोर्टचा कागद नेऊन काही होत नाही.

आणि 'आणखी एकदा बायोप्सी करून बघू' हा हट्ट डॉक्टरांकडे धरू नका प्लीज. परत परत चिमटे घेतले की खाली व्रण धरतो, मग काढताना पॉलिपखाली सलाइन टोचून तो उचलतात तेव्हा तो नीट उचलला जात नाही, आणि जे काम स्कोपीतून झालं असतं ते अवघड होऊन बसतं. 10 मिमीच्या आतले पॉलिप तर बायोप्सीच्या भानगडीत न पडता सरळ स्नेअरने (तारेच्या फासाने) काढतात, तेच निदान आणि तोच उपचार.

आख्खा काढल्यावर जो रिपोर्ट येईल तो खरा. त्यात कडा मोकळी आहे का (कापलेल्या काठावर पॉलिप उरलेला नाही ना), व्हिलस भाग किती, ग्रेड कुठला आणि कॅन्सर निघालाच तर तो किती खोल गेलाय, रक्त-लसिकावाहिन्यांत शिरलाय का, हे बघा. एकाऐवजी तुकड्यातुकड्यांत काढला तर कडेबद्दल नीट सांगता येत नाही, म्हणून तो एकसंध निघेल का हे आधीच विचारून ठेवा. पुढची स्कोपी कधी तेही यावरच ठरतं, 10 मिमी किंवा मोठा अडेनोमा एकसंध निघाला तर अमेरिकन गाइडलाइनमध्ये साधारण 3 वर्षांनी सांगतात, तुकड्यांत निघाला तर बरीच लवकर, 6 महिन्यांच्या आसपास.

बाबांना रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर काढायच्या आधीच डॉक्टरांना सांगा, आपल्या मनाने बंद करू नका.